आपला क्लब बेताचाच आहे, मग आता काय करायचं?

कुपवाडच्या एका तरुणाचा प्रश्न आलाय. वय सत्तावीस, एमआयडीसीत सुपरवायझर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, चौथीची परीक्षा होऊन सुट्टी लागली होती. मोठ्या भावानं रात्री उठवून २००८ ची मॉस्कोची चॅम्पियन्स लीग फायनल दाखवली. तेव्हापासून मँचेस्टर युनायटेड. आता मॅच हरली की पुढचा अख्खा दिवस नासतो. बायको म्हणते, तुमचा त्या लोकांशी संबंध काय? मित्र लिव्हरपूलवाले, ते जगू देत नाहीत. क्लब बदलू का? की बघणंच सोडू? की हा बॅड पॅच आहे, अजून थोडं थांबू?"

तू माझ्या पोराच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो. मी सांगलीत तीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो, संध्याकाळी अजूनही पोरांना फुटबॉल शिकवतो, मधल्या काळात बरीच वर्षं शिट्टीही वाजवली. आमच्या टीमनं एवढ्या वर्षांत जिल्ह्याबाहेर फारसे दिवे लावलेले नाहीत. त्यामुळे बेताच्या टीमबरोबर संसार कसा करायचा यावर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हा बॅड पॅच नाही. मॅनेजर फर्ग्युसन २०१३ च्या मे महिन्यात लीग जिंकून निवृत्त झाले. त्यानंतर मोयेस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाख, अमोरिम. यातल्या बहुतेकांच्या वेळी तू आधी 'आता खरा माणूस सापडला' म्हणाला असशील आणि दीड-दोन वर्षांनी 'हाच नडला'. एखाद्या भागात बारा वर्षं पाऊस कमीच पडत असेल तर 'यंदा जरा ओढ दिली' असं कुणी म्हणत नाही, त्या भागाला दुष्काळी म्हणतात. जत-आटपाडीच्या माणसाला विचार.

पण दुष्काळी म्हणजे वाळवंट नव्हे, हेही बघ. याच काळात २०१६ आणि २०२४ चा एफए कप, २०१७ ला लीग कप आणि युरोपा लीग, २०२३ ला पुन्हा लीग कप, शिवाय लीगमध्ये दोनदा दुसरा नंबर. एवढ्यावर जन्म काढणारे लोक आहेत. एव्हर्टन १९५४ पासून एकदाही वरच्या डिव्हिजनमधून खाली गेलेला नाही, पण त्यांची शेवटची मोठी ट्रॉफी म्हणजे १९९५ चा एफए कप. (तोही तुमच्याच युनायटेडला १-० हरवून घेतलेला.) त्यानंतर जन्मलेला एव्हर्टनवाला आज बाप झाला असेल, आणि त्यानं आपल्या कॅप्टनच्या हातात असा कप कधी बघितलेला नाही. तरी २०२५ च्या मे महिन्यात गुडिसन पार्कवर त्यांची शेवटची लीग मॅच झाली तेव्हा, १८९२ पासूनच्या त्या मैदानाचा निरोप घेताना माणसं डोळे पुसत होती.

म्हणून मी 'बेताचा' हा शब्द वापरतो. 'पोरगं अभ्यासात बेताचंच आहे' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तक्रार असते, पण त्या पोराला कुणी घराबाहेर काढत नाही. पुढचं वाक्य बहुतेक वेळा 'पण गुणाचं आहे' असंच येतं.

सांगलीच्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे पातळी बघणं. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. पावसाळ्यात आपण सकाळी उठल्यावर आधी तो आकडा बघतो आणि त्याप्रमाणे वागतो. गंमत अशी की इंग्लंडच्या लीगमध्येही आकडा चाळीसचाच. चाळीस पॉइंट झाले की शेवटच्या तिघांत येऊन खालच्या डिव्हिजनमध्ये जायची भीती संपली, असं तिथली जुनी माणसं मानतात. फरक इतकाच, तिथं चाळीसच्या वर गेलं की सुटका, आपल्याकडे चाळीसच्या वर गेलं की सामान माळ्यावर. आता २०२४-२५ चा तुझा सीझन बघ. ३८ मॅच, ११ जिंकल्या, ९ बरोबरीत, १८ हरल्या. पॉइंट ४२, नंबर पंधरावा. त्या वर्षी खाली गेलेल्या तिघांत सगळ्यात वरचा लेस्टर, तो २५ वर. हा तोच लेस्टर, ज्यानं २०१६ मध्ये लीग जिंकली होती. म्हणजे तुझ्या आणि धोक्याच्या मध्ये १७ पॉइंट होते, आणि तू मात्र घरात पाणी शिरल्यासारखा वागत होतास. पाणी घाटावर होतं, लेका.

खरा घात हरणाऱ्या मॅच करत नाहीत. १७ एप्रिल २०२५ ची रात्र आठवते? आठवणारच. युरोपा लीग, घरच्या मैदानावर, समोर फ्रान्सचा लिऑन. दोन गोलांची आघाडी घालवली, जादा वेळेत समोरच्या दहा जणांनी ४-२ केलं, आणि शेवटच्या सात-आठ मिनिटांत तीन गोल. ५-४. शेवटचा मॅग्वायरच्या डोक्यानं. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेले होते. त्या वेळी तू ओरडून शेजाऱ्यांची झोपमोड केली असणार. मीही जागाच होतो, माझा क्लब नसताना. त्यानंतर पाच आठवड्यांनी बिलबाओला फायनल, आणि टॉटनहॅमकडून १-० हार. त्या वर्षी लीगमध्ये पंधरावा आणि सतरावा आलेले दोन क्लब युरोपातली ट्रॉफी खेळत होते, आणि त्यातल्या सतराव्यानं सतरा वर्षांनी पहिली ट्रॉफी उचलली.

बेताच्या टीमचं हे असं असतं. सगळ्याच मॅच हरली असती तर तू केव्हाच सुटला असतास. आमच्या गल्लीत एकजण आकडा लावायचा. तो सांगायचा, ज्याचा कधीच लागत नाही तो सहा महिन्यांत शहाणा होतो, महिन्यातून एकदा लागतो त्याचं घर जातं. लिऑनची मॅच हा तुझा लागलेला आकडा होता. तिचा आनंद काढून घे म्हणत नाही मी. फक्त तिच्यावरून पुढच्या सीझनचा हिशेब मांडू नकोस.

आता टीम बेताची का होते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण तुझी निम्मी चिडचिड इथं आहे. तुला वाटतं कुणीतरी मुद्दाम करतंय.

वीस क्लबांच्या लीगमध्ये एकजण जिंकला की एकोणीसजण हरतात, हे कुणालाही कळतं. पण १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत ती जिंकणारे क्लब अवघे सात: युनायटेड, ब्लॅकबर्न, आर्सेनल, चेल्सी, सिटी, लेस्टर, लिव्हरपूल. बाकीच्यांसाठी बेताचं असणं हाच कायमचा पत्ता. ढोबळमानानं, जो क्लब खेळाडूंच्या पगारावर जास्त खर्च करतो तो बऱ्याच वर्षांच्या सरासरीत वर राहतो. एखादा लेस्टर अपवाद. तुझ्या युनायटेडचं दुखणं वेगळं. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं क्लब घेतला तो बराचसा कर्जावर, आणि ते कर्ज क्लबच्याच माथी बसलं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातला तू, यावर तुला शिकवणी नको. तरीही पैसा नव्हता असं म्हणता येत नाही. २०१६ ला एकट्या पोग्बासाठी तेव्हाचा जागतिक विक्रम मोडून जवळपास ९ कोटी पौंड मोजले. पैसा होता, पण लागवड बदलत राहिली. समज, एकानं ऊस मोडून द्राक्षं लावली. द्राक्षं धरायच्या आत दुसरा आला, त्यानं मांडव उपटून डाळिंब लावलं. तिसऱ्याला भाजीपाला हवा. प्रत्येकाचं पीक चांगलंच, प्रत्येकानं खतही भारीच घातलं, आणि शेतात कायम अर्धं काहीतरी उभं. एकाला विंगर लागायचे, पुढच्याच्या पद्धतीत विंगरला जागाच नाही. मग ते विंगर पगार घेऊन बसून राहणार.

हे झालं ऑफिसातलं. मैदानावर बेताची टीम कशी दिसते ते मला पोरांमुळे चांगलं माहीत आहे. परवाचीच गोष्ट. आमचा नऊ नंबरचा पोरगा, अंगात भरपूर दम, समोरच्या बॅककडे बॉल गेला की वाऱ्यासारखा धावत सुटतो. बाहेरचे पालक टाळ्या वाजवतात. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं आणि त्याला म्हटलं, "मागं वळून बघ." त्याच्या मागं पंधरा-वीस पावलांवर कुणी नव्हतं. मिडफिल्डवाले कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होते, आणि डिफेन्स आपल्या डीजवळ गप्पा मारत होता. समोरच्यानं एक साधा पास दिला की आमचा हा वाघ खेळाबाहेर. त्याला म्हटलं, "एकटाच बांध घालायला गेलास, पाणी दोन्ही बाजूंनी गेलं की." दुसरा पोरगा म्हणाला, "सर, पण ह्यो लय पळतोय, आम्हाला दम लागतोय." सगळं उत्तर त्यात आलं. चांगली टीम म्हणजे अकराजण मिळून पंचवीस-तीस मीटरच्या पट्ट्यात राहणारी टीम. एक पुढे सरकला की दहा सरकतात. बेताच्या टीममध्ये नऊजण सरकतात आणि दोघं एका सेकंदानं उशिरा सरकतात. बस, तेवढंच. दम, जिद्द, जर्सीचा अभिमान, जे तू हरल्यावर काढतोस, त्याचा इथं फारसा संबंध नसतो.

म्हणून तुला गृहपाठ देतो. पुढच्या मॅचची पहिली वीस मिनिटं बॉल बघू नकोस. तुमचा लेफ्ट बॅक आणि त्याच्या पुढचा मिडफिल्डर, या दोघांच्या मधली जागा बघ. समोरच्या गोलकीपरकडे बॉल असताना ती किती, आणि आपला बॉल गेला की पहिल्या पाच सेकंदांत ती किती होते. दोन-तीन मॅचमध्ये तुला गोल व्हायच्या आधीच गोल दिसायला लागेल. बायकोला सांगशील, आता इथनं जाणार बघ, आणि जाईल. माझा तरी राग कारण दिसलं की उतरतो. हायलाइट्स मात्र बघू नकोस. त्यात फक्त चुकणारा माणूस दिसतो, चूक कुठून सुरू झाली ते कापलेलं असतं.

यात आपल्या भागाची म्हणून एक अडचण आहे. आपण कुस्तीवर वाढलेले. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. हिंदकेसरी मारुती माने आपल्या कवठेपिरानचे, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आपल्याला निकाली कुस्ती आवडते. बरोबरीत सोडवली की फड बोंब मारतो. आणि पैलवान थकला की आपण ते लगेच ओळखतो. एके काळचा नावाजलेला मल्ल जत्रेच्या फडात पंच म्हणून फेटा बांधून बसतो, आपण पाया पडतो, आणि नजर नव्या पोराकडे. क्लबाला ही सोय नाही. तो थकला तरी फेटा बांधून बाजूला बसू शकत नाही, पुढच्या शनिवारी त्याला लंगोट लावून उतरावंच लागतं. तू अजून २००८ चा पैलवान शोधतोयस. रोनाल्डो, रूनी, तेवेझ ही पोरं होती तेव्हाची, ती गेली. राहिलं ते नाव आणि लाल रंग.

मग नाव आणि रंगावर माणूस कसा टिकतो? हे बघायला इंग्लंडला जायची गरज नाही, ५० किलोमीटरवर कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमवर सीझनची एखादी मॅच बघायला जा. तिथं क्लब म्हणजे पेठ, तालीम. बरीच वर्षं झाली, मी असाच गेलो होतो. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, डोक्याला टोपी, हातात शेंगांचा पुडा. त्यांच्या पेठेची टीम त्या वर्षी अगदीच यथातथा. पहिल्या मिनिटापासून आजोबांचं तोंड सुरू. स्वतःच्याच सेंटर हाफला अशा शिव्या की मी शाळामास्तर, मला कुठं बघावं कळेना. हाफ टाइमला मी सहज म्हटलं, "टीम यंदा जरा हलकीच आहे, नाही?" शेंग फोडता फोडता हात थांबला. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरातल्या बाईमाणसाबद्दल काही बोललो. "तुम्ही कुठलं?" म्हटलं, सांगली. "मग तुम्ही बोलू नका. आमी बोलू." आणि परत शेंगा.

तुझ्या लिव्हरपूलवाल्या मित्रांना तू हेच म्हणायला हवंस. भांडू नकोस. आकडे हवे असतील तर त्यांना १९९० ते २०२० ही तीस वर्षं आठवून दे, एकही लीग नाही. पण त्यानं भागत नाही, कारण ते उलटून २०१३ काढतील आणि मग रात्री दीडपर्यंत फोन. त्यापेक्षा ग्रुप म्यूट कर.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. इंग्लंडमधला क्लब बेताचा होतो, आपल्याकडचा बंद होतो. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० ला क्लब बंद. पंजाबचा जेसीटी, १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, २०११ ला बंद. आणि एफसी पुणे सिटी तर आपल्या डोळ्यांसमोरचा. बालेवाडीला मॅच असली की आम्ही सांगलीहून दुपारी गाडी काढायचो, पोरं मागं कोंबलेली, कराडला चहा, खंबाटकीत एकाला हमखास उलटी. टीम बेताचीच. तीन सीझन काही नाही, मग २०१७-१८ ला सेमीफायनल. पुण्यात ०-०, आणि बेंगळुरूला सुनील छेत्रीनं तीन मारून ३-१ घरी पाठवलं. त्या रात्री आमची पोरं इतकी खट्टू झाली होती की त्यांना मी म्हटलं, असू दे रे, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी टीम सातवी आली, तेही चाललं असतं. २०१९ ला क्लबच गुंडाळला, लीगमधली जागा हैदराबादला गेली. त्यातल्या एका पोराकडे अजून नारिंगी जर्सी आहे. ती घालून तो कुणाला चिअर करणार? त्याला हरायलासुद्धा टीम उरलेली नाही.

कोलकात्याच्या ईस्ट बंगालचं बघ. १९२० चा क्लब. २००३-०४ नंतर दोन दशकं राष्ट्रीय लीग नाही, आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) आल्यावर तळालाच घुटमळणं. २०२४ च्या जानेवारीत सुपर कप जिंकला, राष्ट्रीय पातळीवरची १२ वर्षांनी पहिली ट्रॉफी. एवढी वर्षं लोक मैदानात येऊन शिव्या घालत राहिले, कारण घालायला क्लब जागेवर होता. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबाच्या लोकांवर तर आपला क्लब दुसऱ्या गावाला नेलेला बघायची पाळी आली. २००२ मध्ये त्यांनी वर्गणी काढून, मंडळ काढावं तसा नवा क्लब काढला, नवव्या पायरीपासून सुरुवात केली आणि २०११ ला परत मोठ्या लीगच्या चौकटीत आणून दाखवला. त्यांना जाऊन पंधराव्या नंबरचं दुःख सांग बरं.

एक इशारा. लोक तुला मँचेस्टर सिटीची गोष्ट सांगतील. १९९९ मध्ये ते तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होते, तरी मैदानात सरासरी २८ हजारांच्या आसपास माणसं यायची, आणि आता बघ म्हणतील. गोष्ट खरी, पण औषध म्हणून घेऊ नकोस. सिटी वर गेली ती चाहत्यांनी वाट बघितली म्हणून नव्हे, २००८ ला अबू धाबीचा पैसा आला म्हणून. ते २८ हजार लोक पुढं काय होणार हे माहीत नसताना येत होते. त्यातले कितीतरी ते दिवस बघायच्या आधीच गेले असतील.

क्लब बदलू का, याचं उत्तर: कायद्यानं कुणी अडवत नाही. तू मँचेस्टरला जन्मला नाहीस, तुझी पेठ नाही ती. माझा एक विद्यार्थी आधी युनायटेड, मग सिटी, मग रियल माद्रिद असा फिरला. सुखी आहे. पण त्याला विचारलं की कुठली मॅच आठवते, तर गोल सांगतो, मॅच सांगता येत नाही, आणि कुणाबरोबर बघितली ते तर अजिबातच नाही. जमत असेल तर कर. तुला जमेल असं तुझ्या प्रश्नावरून वाटत नाही. बघणं सोडायचं असेल तर सोड की सहा महिने. परत आलास तर कुणी हजेरी मागत नाही. जून ते ऑगस्ट ट्रान्सफरच्या बातम्या मात्र आजपासूनच बंद कर. तो फक्त आशेचा बाजार आहे, आणि उधारीवर.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण एक दिसलं ते सांगतो. तुझा त्या क्लबाशी संबंध भावामुळे. त्यानं अर्ध्या रात्री उठवलं, बारा वाजून गेल्यावर मॅच सुरू झाली, पेनल्टीला समोरच्या चेल्सीचा टेरी घसरला. एवढं सगळं तू लिहिलंस, पण तो भाऊ आता कुठं आहे, मॅच बघतो का, तुझ्याशी बोलतो का, यावर एक ओळ नाही. मला विचारायचा हक्क नाही. पण मॅच संपल्यावर ग्रुपवर टाइप करण्यापेक्षा त्याला फोन लावून बघ.

आणि आता आमचा डबा. वीसेक वर्षांपूर्वी आमची शाळेची टीम जिल्हा जिंकून विभागाला कोल्हापूरला गेली. समोर तिथलीच शाळा. ७-० हरलो. परत येताना गाडीत पोरं भडंग खात होती, सात गोल खाल्लेला कीपर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता, आणि मी एकटा जळत होतो. दुसऱ्या दिवशी स्टाफ रूममध्ये म्हटलं, "मला माहीतच होतं, आपली लायकी नव्हती." गणिताचे सर शांतपणे म्हणाले, "परवा तर सेमीफायनल नक्की म्हणत होतात." मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "लिहून ठेवत जा मग."

तेव्हापासून ठेवतो. बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा आहे. सीझनच्या आधी प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची. एका बाजूला 'काय व्हावं', दुसऱ्या बाजूला 'काय होईल'. आपल्या टीमचंही आणि जो कुणी आवडता क्लब असेल त्याचंही. घडी घालून डब्यात, मे महिन्यात उघडायच्या. पहिल्या वर्षी सगळ्या चिठ्ठ्यांच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा होता. माझ्यासुद्धा. पोरांना कळतच नव्हतं की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आता नववीतली पोरंही नीट लिहितात. गेल्या खेपेला एका आर्सेनलवाल्यानं एका बाजूला 'पहिला' लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला 'दुसरा, परत', आणि खाली रडका चेहरा काढला. उघडल्यावर सगळे हसले, तोही हसला. डब्याच्या तळाशी माझी ती जुनी चिठ्ठी अजून आहे, शाई उडत चाललीय, 'सेमीफायनल' एवढं वाचता येतं.

तू लिहिणार असशील तर 'होईल'च्या बाजूला नंबर लिहू नकोस, पॉइंट लिही. नंबर दुसऱ्यांवर अवलंबून असतो. आणि बायकोलाही एक चिठ्ठी लिहायला लाव, तिचा अंदाज तुझ्यापेक्षा जवळ येईल अशी मला दाट शंका आहे. मीही युनायटेडचा एक आकडा लिहून डब्यात टाकलाय. आत्ता सांगत नाही. मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी मैदानावर ये, सहाच्या आत. नंतर मी जाळ्या सोडायच्या गडबडीत असतो.